टाचणीच्या दुखण्याची तालीम

आमच्या नाटक कंपनीच्या कपडेपटात बसायला काही कमी नव्हतं. भिंतीला लागून तीन सिंहासनं होती, न्यायाधीशाची उंच पाठीची खुर्ची होती, आणि एक मखमली कोच होता, ज्यावर मी कितीतरी प्रयोगांत फार सुंदर मरण पावले आहे. एवढ्या राजेशाही थाटात एक बाई मात्र कधी बसलेली दिसायची नाही. टेबलाशी उभी राहून चार टाके घालायची, खिडकीपर्यंत जाऊन यायची, एक गुडघा स्टुलावर टेकवायची, तो काढून दुसरा टेकवायची, मग इस्त्रीच्या फळीवर कोपरं रोवून अर्धी ओणवी व्हायची. तिच्याकडे बघून आपल्यालाच बसल्याजागी मुंग्या यायच्या.

तिला आम्ही टाचणी म्हणायचो. ओठांच्या कोपऱ्यात कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या असत आणि तेवढ्यातून ती इतकं स्वच्छ बोलायची की आमच्यातल्या निम्म्या नटांनी तिच्याकडून उच्चार शिकावेत. अंगाने बारीक, जिभेने धारदार. कंपनीतले सगळे कपडे तिच्या हातचे. राजाचा झगा असो की भिकाऱ्याचा फाटका कोट. फाटका कोट शिवणं अवघड, असं ती म्हणायची. कुठं फाडायचं ते कळावं लागतं.

तिची कामाची एक रीत होती. कपडा अंगावर चढवल्यावर कुठं दाटतं असं ती नटाला कधी विचारायची नाही. "नटाला विचारलं की तो भाषण करतो," म्हणायची. "सांगू नका. चाला. बसा. आता वाका." मग तिचं लक्ष फक्त कापडावर. जिथं ओढ बसेल तिथं लाल धागा, जिथं सैल पडेल तिथं निळा. धावदोऱ्याचे मोठे मोठे कच्चे टाके. असा रंगीबेरंगी झालेला कपडा उतरवून घेतला की दुसऱ्या दिवशी तो अंगाला सालीसारखा बसायचा.

तर ही टाचणी आधी चांगली ऐसपैस बसून शिवणारी बाई होती. मग तिला अंगावरून जायला लागलं. थोडंथोडकं नाही, प्रयोगाच्या मध्यंतरात ती दिसेनाशी व्हायची आणि परत यायची तेव्हा चेहरा पावडर थापल्यासारखा पांढरा. तपासणीत गाठी निघाल्या. गर्भाची पिशवी काढावी लागली. आम्ही सगळे दवाखान्यात भेटायला गेलो. मी जरा जास्तच रडले, सवय दुसरं काय, तर तीच मला म्हणाली, "ताई, पुरे. शेजारच्या खाटेवरची घाबरली."

जखम छान भरली. ती परत कामावर आली ती मुलीसारखी उड्या मारत आली. कटकट गेली, आता मी मोकळी, असं ज्याला त्याला सांगत सुटली. आणि मग काही महिन्यांनी हे दुसरं सुरू झालं.

ओटीपोटात अगदी खाली, खोल, कुणी ओली दोरी पिळून गाठ मारून ठेवावी तसं. तिथून ते माकडहाडात जायचं, कमरेत जायचं, डाव्या जांघेत उतरायचं. बसलं की वाढायचं. उभं राहिलं की कंबर पेटायची. आडवं व्हावं तर आतल्या आत ठणकत राहायचं. लघवीला जाऊन आली की जरा वेळ भिंत धरून उभी राहायची. आणि नवऱ्याने नुसता अंगावर हात टाकला तरी ती आक्रसून जायची. हे तिने मला एकदा इस्त्री फिरवता फिरवता सांगितलं, इस्त्रीकडेच बघत. "त्यांना वाटतं मी रागावलेय. म्हटलं, वाटू दे. राग तरी समजतो माणसाला."

ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाले, सगळं उत्तम आहे. रिपोर्ट चांगला आल्याचं इतकं दुःख झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. घरी सासूबाई होत्या. वाईट नव्हत्या बिचाऱ्या, सुनेसाठी गरम पाण्याची पिशवी भरून तयार ठेवायच्या. पण कोडं त्यांनाही सुटत नव्हतं.

"अगं, दुखायची ती पिशवीच काढली ना? मग आता दुखायला शिल्लक काय राहिलं?"

"भाडेकरू गेला हो आई," टाचणी म्हणायची, "पण त्याचं भांडण अजून जिन्यात चालूच आहे."

तिचा नवरा आमच्याच कंपनीत होता. नेपथ्याचा ट्रक चालवायचा. किल्ले, राजवाडे, तुरुंग, सगळं पाठीवर घेऊन फिरणारा माणूस, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. त्याने एक दिवस परस्पर जाऊन मास्तरांना, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांना, सांगून टाकलं की हे नवीन नाटक उभं राहिलं की बायको काम सोडेल. टाचणीला ते मास्तरांकडून कळलं. मग विंगेत जे नाटक झालं त्याला तिकीट लावायला हवं होतं.

"मला न विचारता सांगितलंत?"

"विचारून काय मिळतं? काय होतंय विचारलं की तुझं ठरलेलं, 'तसं बरंय'. बरं असेल तर घरभर भोवऱ्यासारखी काय फिरतेस?"

"आणि घरी ठेवून काय करणार आहात माझं? शोकेसमध्ये लावणार?"

"आराम कर."

"आराम! अहो, इथं हातात काम असतं म्हणून दिवस ढकलला जातो. घरी ते दुखणं आणि मी, दोघंच समोरासमोर. वेडी होईन मी."

ड्रायव्हरने हातातला फडका पिळून खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "मोठ्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरबाईंची वेळ मिळालीय ना पुढच्या आठवड्यात? त्यांना नीट सांग. त्या म्हणाल्या काम कर, तर कर. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. त्या म्हणाल्या थांब, तर थांबायचं."

"ठीक आहे," टाचणी म्हणाली. झालं, सगळं त्या एका भेटीवर येऊन ठेपलं.

आता अडचण अशी की ही जिभेची तलवार डॉक्टरसमोर गेली की म्यान व्हायची. काय होतंय विचारलं की "तसं बरंय" म्हणून मोकळी. आधीच्या डॉक्टरांकडे तसंच झालं होतं. मी हे मास्तरांच्या कानावर घातलं. मास्तर म्हणजे उत्साहाचा डोंगर. म्हणाले, "वाक्यं पाठ नसली की भलेभले अडखळतात. तालीम घेऊ!"

आणि खरंच घेतली. पुढची नाटकाची तालीम बाजूला ठेवून. रंगमंचावर एक टेबल, दोन खुर्च्या. आमचा विनोदी नट गळ्यात पडद्याची दोरी अडकवून डॉक्टर झाला. मास्तर तिसऱ्या रांगेत.

"या बाई," नट म्हणाला. "जीभ दाखवा. अरे बाप रे, केवढी लांब!"

"चावटपणा नको!" मास्तर ओरडले. "टाचणी, एन्ट्री घे."

टाचणी आली. तोंडात टाचण्या नसल्यामुळे तिला ओठांचं काय करावं कळेना. उभी राहिली, ओटीपोटाच्या खाली हात दाबून धरला आणि म्हणाली, "इथं दुखतं."

"दिसत नाही!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"काय दिसत नाही?"

"दुखणं दिसत नाही. तो हात कुठं ठेवलायस?"

"दुखतं तिथं."

मास्तर चुळबुळले. नाटकातला हात कमरेच्या खाली जात नाही, हा आमच्याकडे न लिहिलेला नियम. प्रेक्षक एकतर हसतात, नाहीतर मान खाली घालतात. मरणारी राणी असो की बाळंतीण, हात वरच. "हात वर घे," मास्तर म्हणाले. "अजून वर. अजून. हां! बरगड्यांच्या खाली. बघ, आता कसं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं!"

"मास्तर, पण तिथं दुखत नाही."

"अगं बाई, पण तिथं दिसतं ना!"

मग वाक्यं बसवली. ओटीपोट, जांघ, लघवी हे सगळं मास्तरांनी गाळलं. ऐकायला बरं वाटत नाही म्हणाले. त्याऐवजी आलं, "पोटात वणवा पेटतो, डॉक्टर, आणि पाठीतून कळ जाते." आमच्या नायिकेने डोळ्यांत पाणी आणून ते खाली न पडू देण्याची युक्ती शिकवली. खुर्चीची पाठ धरून हळूच बसायचं, एक श्वास, एक विराम, मग वाक्य. टाचणी हुशार. तिसऱ्या फेरीला तिने असं केलं की विनोदी नट दोरी काढून ठेवून डोळे पुसायला लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, चांगल्या कडकडून.

डॉक्टरबाईंकडे तिने एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. हात बरगड्यांखाली, विराम जागच्या जागी, पाणी पापणीच्या काठावर. डॉक्टरबाई भल्या होत्या. त्यांनी बरगड्यांखाली हळूहळू दाबून पाहिलं, जेवणखाण विचारलं, झोप विचारली, घरात काही ताण आहे का विचारलं. जठराची तपासणी करून घेतली. सगळं स्वच्छ. मग मऊ आवाजात म्हणाल्या, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मन थकतं, असं होतं कधीकधी. पित्ताच्या गोळ्या दिल्या, झोपेच्या दिल्या, मनाच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी दिली. आणि कामाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, काही दिवस थांबवलेलं बरं.

ती तिथून तडक कपडेपटात आली. पिशवी टेबलावर आपटली.

"मास्तर कुठं आहेत? अभिनंदन करा म्हणावं. एन्ट्रीला टाळी पडली असती. कामात काही खोट नव्हती. फक्त दुखणं दुसऱ्याच कुणाचं तरी होतं!"

मास्तर आले ते पडेल चेहऱ्याने. "विराम लांबला का गं?"

"हात, मास्तर, हात! खालचं दुखणं उचलून वर ठेवलंत. त्यांनी तपासलं मग जिथं ठेवलंत तिथं. त्या काय मनकवड्या आहेत?"

ड्रायव्हर दारात उभा होता. त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं. पण त्याचा चेहराही काही जिंकल्यासारखा नव्हता.

काम सोडायचं ते नवीन नाटक उभं राहिल्यावर; तोवर तिने जे काम उपसलं ते बघवत नव्हतं. नवीन नाटकात शिपायांची आख्खी पलटण होती. सगळ्यांचे कोट, सगळ्यांच्या विजारी. ती कापायची, फिरायची, शिवायची, फिरायची, ओठ चावायची. मखमली कोचावर पोटावर पडून काजं करायची. कुणी "जरा टेक" म्हटलं की अंगावर यायची. सगळ्यांनी तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं असा अलिखित करार झाला.

एका दुपारी नायिका झगा चढवून उभी होती. "काखेत दाटतंय," म्हणाली. टाचणी नेहमीसारखी म्हणाली, "सांगू नका. चाला." नायिका चालली. ओढ काखेत नव्हतीच, ती पार खाली कमरेच्या शिवणीत होती, आणि काचत मात्र होतं काखेत. टाचणीने लाल धागा ओवला, वाकली आणि वाकलेलीच राहिली. मला वाटलं कळ आली. मी धावले. तर ती सरळ झाली, सुई नायिकेच्या झग्यात तशीच सोडून कपाटाशी गेली आणि शिपायांच्या पांढऱ्या विजारींतली एक जुनी, विरलेली विजार ओढून काढली.

"ही मी घेतली," म्हणाली. "मास्तरांना सांगा, एक शिपाई मेला."

पुढचे काही दिवस ती विजार तिने स्वतःच्या कपड्यांच्या आत घातली. काम करता करता कळ आली की पडद्यामागे जायची, कुठं आली ते बोटाने धरायची आणि तिथं टाका घालून यायची. बसल्यावरचं दुखणं लाल. उभ्याचं निळं. लघवीच्या वेळचं पिवळं. आणि काळा एक धागा होता, तो कशाचा ते तिने कुणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

शेवटी तिने ती विजार टेबलावर पसरली तेव्हा आम्ही सगळे भोवती जमलो. पोटऱ्या कोऱ्या, गुडघे कोरे, बरगड्यांचा तर प्रश्नच नाही. आणि ओटीपोटाच्या तळाशी, डाव्या जांघेत, मागे माकडहाडाशी धाग्यांची अशी दाटी की खालचं कापड दिसत नव्हतं. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे," ते घसा खाकरत म्हणाले, "प्रेक्षकांसमोर नेता येण्यासारखं नाही गं."

"प्रेक्षक कोण आहेत तिथं, मास्तर?"

तिने पुन्हा वेळ घेतली. या खेपेला नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही आत यायचं. बाहेर गाडी पुसत बसायचं नाही." पुढचं सगळं तिने आम्हाला नंतर सगळ्यांच्या नकला करून दाखवलं, म्हणून मला तोंडपाठ आहे.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कसं वाटतंय आता?"

"तसं ब..." एवढं निघालंच तोंडातून. तिने ते गिळलं, पिशवीतून विजार काढली आणि टेबलावर टाकली. "हे असं वाटतंय. लाल ते बसल्यावरचं, निळं ते उभं राहिल्यावरचं, पिवळं ते लघवीला गेल्यावरचं."

डॉक्टरबाईंनी विजार स्वतःकडे ओढून घेतली, पालथी करून पाहिली. "आणि हा काळा?"

टाचणीने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होता, जणू त्यातलं एखादं हाड कमी आहे. "तो आमच्या दोघांतला," ती म्हणाली. "त्या वेळी आत सुरी फिरल्यासारखं होतं."

ड्रायव्हरची मान गर्रकन वळली.

"पण मागच्या वेळी तर तुम्ही इथं हात ठेवला होता," डॉक्टरबाई स्वतःच्या बरगड्यांखाली हात ठेवून म्हणाल्या.

"ते दिग्दर्शकाने बसवलं होतं."

डॉक्टरबाईंना सगळी कथा सांगावी लागली. त्या मोठ्याने हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, बोलणं पाठ केलेलं आहे. पण का केलंय ते मी विचारलं नाही." मग त्यांनी तपासलं, या वेळी धागे होते तिथं. आतून एका बाजूला बोट जरासं दाबलं आणि टाचणी टेबलावरून उडालीच.

"हेच का?"

"हेच! हेच ते!" आणि ती रडायला लागली. पापणीच्या काठावर वगैरे काही थांबलं नाही, नाक गळत, हुंदके देत, चेहरा वेडावाकडा करून. मास्तरांनी पाहिलं असतं तर तालमीतून हाकललं असतं.

डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. दुखू नये म्हणून अंग ती आवळून धरतं, आणि धरून धरून तीच दुखायला लागते. व्रणाजवळची एक नसही चिडलेली दिसते. सोनोग्राफीत हे दिसत नाही, म्हणून नाही असं होत नाही. नसेसाठी औषध, आणि त्या झोळीला सैल व्हायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई. महिने लागतील. सगळंच जाईल अशी खात्री त्यांनी दिली नाही.

"आणि काम?" हे ड्रायव्हरने विचारलं.

"सलग बसायचं नाही, जड उचलायचं नाही, मधूनमधून आडवं व्हायचं. पण काम करू द्या त्यांना. हातपाय चालते राहिलेलेच बरे."

पुढे ते दुखणं गेलं का, असं मला लोक विचारतात. पूर्ण नाही गेलं. निम्म्याहूनही कमी उरलं. शांत पडून श्वास घ्यायचा व्यायाम तिला मुळीच आवडायचा नाही, सासूबाई दाराशी बसून कुणाला आत येऊ द्यायच्या नाहीत आणि ही आतून ओरडायची, "आई, झाला का हो वेळ?" काही दिवस चांगले जायचे, मग एखादा असा यायचा की कपडेपटात पुन्हा ती येरझार सुरू. पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या परतीच्या वाटेचं. ड्रायव्हरनेच मला सांगितलं, आणि तो माणूस एका बैठकीत एवढं कधी बोलला नव्हता.

ट्रक मोठ्या रस्त्याला लागला. मग तो म्हणाला, "मला वाटायचं तू माझ्यावर चिडलीयस."

"चिडलेही होते."

"मग आता?"

"आता रस्त्याकडे बघा."

समोर गतिरोधक होता. इतकी वर्षं तो त्यावरून राजवाडे उडवत नेत असे. त्या दिवशी त्याने गाडी इतकी हळू केली की मागून भोंग्यांचा गजर सुरू झाला. पुढच्या गतिरोधकाच्या आधीच तो गल्लीत वळला. ती गल्ली दुसऱ्या गल्लीत गेली.

"हे कुठं चाललोय?"

"या रस्त्याला गतिरोधक नाहीत."

"अहो, तीन अंकी नाटकाएवढा वेळ लागेल असं! तिकडे रंगीत तालीम आहे, शिपायांचे कोट कच्च्या टाक्यांवर आहेत. सरळ घ्या. दुखलं तर मी सांगेन."

त्याने गाडी पुन्हा मोठ्या रस्त्याला घातली, थोडी वेगात घेतली. गतिरोधक आला.

"आई गं! दुखलं!" ती एवढ्याने ओरडली की बाजूच्या सायकलवाल्याचा तोल गेला.

त्याने करकचून ब्रेक दाबला. "थांबू?"

"थांबता कशाला? हळू घ्या नुसतं!"

नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी गाडी लावून त्याने विचारलं, "मास्तरांना मी काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. तुम्ही सांगितलंत की घोळ होतो. मी आलेय ते दिसेलच त्यांना."

ती उलटी वळून, दाराची कड धरून, एक एक पाय खाली टाकत उतरायला लागली. तो पलीकडून धावत आला आणि त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, त्यावर पूर्ण भार टाकून खाली उतरली आणि लगेच सोडला, कारण आत शिपायांची पलटण अर्ध्या कपड्यांत उभी होती आणि मास्तर तिच्या नावाने शंख करत होते.